पान बारावरचा जखमी

पट्टीमास्तरांइतक्या वेगानं जखम बांधणारा माणूस अख्ख्या फौजेत झाला नाही! एकदा तर जखमेवर बसलेली माशी उडायच्या आत त्यांनी पट्टी बांधली. तीन दिवसांनी सोडली, तर माशीचा मोडका पाय जुळलेला! खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

हे मास्तर म्हणजे छावणीच्या दवाखान्यातले हवालदार. त्या वर्षी दवाखान्याच्या जवानांची स्पर्धा लागली. जोडीनं तारांखालून सरपटायचं, गवतात लपवलेला खोटा जखमी शोधायचा, बांधायचा आणि स्ट्रेचरवरून चिखल, भिंत ओलांडून तंबूत पोचवायचा. पहिल्या जोडीला दहा दिवसांची रजा!

मास्तरांच्या बायकोचे दिवस भरत आले होते. थोरलीच्या वेळी मास्तर घरी पोचले, तेव्हा ती रांगत दार उघडायला आली होती.

"या खेपेला नाही आलात ना," बायको फोनवर म्हणाली, "तर बाळाला सांगेन, तुझे बाबा म्हणजे तो भिंतीवरचा फोटो!"

"अगं, रजा खिशात आहे समज!"

"मास्तर, आधी जखमी तर सापडू द्या," त्यांचा जोडीदार लंबू म्हणाला.

"तू फक्त मागचे दांडे धर!"

आता झालं काय, परीक्षक म्हणून त्याच सकाळी वरच्या कचेरीतून एक मेजरसाहेब आले होते. भलतेच काटेकोर! जवान नीट सरपटतात की नाही ते जवळून बघावं म्हणून स्वतःच गवतात पालथे पडले. तिथेच एका दगडावर खोट्या जखमा रंगवायचा लाल रंगाचा डबा होता. कोपर लागलं, आणि डबा साहेबांच्या डोक्यावर रिकामा!

तेवढ्यात तारांखालून मास्तर बाहेर आले.

"सापडला!"

"मास्तर, जखमीच्या गळ्यात कार्ड असतं," लंबू म्हणाला. "याच्या गळ्यात तर घड्याळ आहे."

"कार्ड पडलं असेल! डोकं बघ, किती रंगवलंय!"

"मूर्खांनो, मला काही झालेलं नाही!" साहेब गरजले.

मास्तरांचा चेहरा उजळला. "डोक्याला मार! प्रथमोपचाराची पुस्तिका, पान बारा: असा जखमी म्हणतो, मी ठणठणीत आहे. वाद घालू नये, बांधावे."

"अरे, मी परीक्षक आहे!"

"पान बारा, खालचा परिच्छेद: स्वतःला कोणीतरी मोठा समजतो."

"ती पुस्तिका मीच लिहिलीय!"

"बाप रे, लंब्या, केस फारच पुढे गेलीय! तोंडावरूनही एक पट्टी घे."

दीड मिनिटात साहेबांचे हात अंगाशी आवळून, लोणच्याच्या बरणीसारखं तोंडही बांधून झालं. मग चिखल! मग भिंत! भिंतीवर साहेब क्षणभर उलटे लटकले, पण गाठ सुटली नाही. मास्तरांची गाठ ती! जोडी तंबूत शिरली तेव्हा आधीचा विक्रम चार मिनिटांनी मोडला होता.

तंबूतल्या डॉक्टरबाईंनी कात्रीनं पट्ट्या कापल्या, चेहरा पुसला आणि कात्री त्यांच्या हातातून गळून पडली.

"साहेब, तुम्ही?"

खरा जखमी, म्हणजे मेसचा आचारी, गळ्यात कार्ड घालून अजून गवतात घोरत होता. जोडी बाद! मास्तरांना भिंतीवरचा स्वतःचा फोटो दिसू लागला. हारासकट!

डॉक्टरबाईंनी साहेबांचा रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. "साहेब, दहा दिवस सक्त विश्रांती!"

"घेतो! पण ते दहा दिवस हा माणूस छावणीत दिसता कामा नये!" असं म्हणत साहेबांनी मोकळ्या झालेल्या एका हातानं मास्तरांच्या रजेवर सही ठोकली. सहीचा शेवट कागद फाडून गेला.

मास्तर घरी पोचले आणि दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, बायको ओरडली, "अहो, कळा सुरू झाल्या! चला!"

पण मास्तर आता शहाणे झाले होते. हाताची घडी घालून उभे राहिले.

"नक्की तूच ना?"

"म्हणजे?"

"आधी पूर्ण नाव सांग. आणि ओळखपत्र कुठंय?"

सासूबाईंनी शेजाऱ्यांची गाडी बोलावली. इस्पितळात बाळानं पहिला टाहो फोडला, तेव्हा मास्तर घरी कपाटात डोकं खुपसून बायकोचं ओळखपत्र शोधत होते.