चनबसप्पांचं उलटं इंजिन

आमच्या गल्लीतले चनबसप्पा भर रस्त्यात उभे राहून दोरीला बांधलेला पाण्याचा तांब्या डोक्याभोवती गरगरा फिरवायचे. थेंबही सांडत नसे. येणारे-जाणारे मात्र वाकून जात. ते गिरणीत मागांचे फिटर. पण सूर्य बघायला यान सोडल्याची बातमी पेपरात आली आणि त्यांना दुसरं काही सुचेना.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हा त्यांच्या मते शाळेवर झालेला अन्याय होता. "यान सोडलं की सूर्य घेईल ओढून," असं मी एकदा बोलून गेलो.

"मास्तर, पोरांचं वाटोळं करताय की! पृथ्वीच लई जोरात पळतीया. तिच्यावरनं सुटलेलं यान बी तसंच पळणार. हा तांब्या मधी पडतोय का? इंजिन उलटं लावून आधी येग मोडायचा, मग जवळ जाता येतं. लई जवळ गेलं की जळतंय. म्हणून लांबट फेऱ्या. यायचं, बघायचं, निघायचं."

मग 'येग मोडा', म्हणजे वेग कमी करा, हा जपच सुरू झाला. नळावर भांडणाऱ्या बायकांना, भराभर जेवणाऱ्या मला, आरती उरकणाऱ्या पुजाऱ्यालासुद्धा.

एका रविवारी म्हणाले, "चला वळसंग गावाला. फेरी कशी मारायची ते दावतो." मी मूर्ख, भर उन्हात सायकल काढली. तिथे त्यांनी एकाच गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. निळ्या दाराच्या ओट्यावर एक बाई ज्वारी निवडत होती. तिथे मान वळायची आणि पायडल जोरात फिरायचं.

"कोण हो ती?"

"गौरा. माझी लेक."

तिने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा याच दारात 'तू मला मेलीस' म्हणून आले होते, हे गल्लीला ठाऊक होतं.

"मग उतरा की!"

"कुटल्या तोंडानं? आन तिनं दार लावलं तर? दर रविवारी लांबनं बघतो. बास हाय."

ते घराकडे, सोलापूरच्या रस्त्याला लागले. माझं डोकं तापलं होतं, उन्हानं आणि त्यांच्यानंही. मी सायकल परत गल्लीत घातली. ते ओरडत मागे आले. ओटा आता रिकामा होता. उघड्या दारापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा होता. मी सायकल त्यांच्या वाटेत आडवी लावली.

"चनबसप्पा, येग मोडा!"

ब्रेक करकरले. ते उतरले, तांब्या उचलला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मला हसू आलं नाही, रडूच आलं.

गौरा दारात आली.

"दर रविवारी ठेवते, अप्पा. तिसऱ्या फेरीनंतर. तुमी परत येतच न्हाईसा."