सत्तारभाईंचा जपानी पेशंट

सत्तारभाई सीडी प्लेअर दुरुस्तीला घेत नसत, भरती करून घेत.

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून माझं घर. मी दवाखान्यात नर्स. त्यामुळे कापूस-स्पिरिट त्यांना बाजारातून आणून देण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आलेल्या प्रत्येक यंत्राचा ते केसपेपर करत. ‘पेशंट : जपानी. वय : बारा. तक्रार : तिसऱ्या गाण्यावर अडखळते.’ मालकाला बजावत, “घरी नेल्यावर एक दिवस उपाशी ठेवा. एकबी सीडी चारू नका.”

स्वस्तातल्या प्लेअरला ते हात लावत नसत. “ते सर्दी-पडसं हाये, बाई. त्याले डॉक्टर कायले पाह्यजे?” त्यांना हवे ते जुने, महागडे, लाकडी बाजूंचे आणि तांदळाच्या पोत्यासारखे जड. तसले या भागात मोजकेच होते, आणि सगळे त्यांच्याकडेच यायचे.

डिस्क वाचणाऱ्या भिंगाला ते ‘डोया’ म्हणत. वर्षभर एकच निदान चाललं होतं : मोतीबिंदू. कोणतंही यंत्र उघडलं की टॉर्च मारून म्हणायचे, “जाळं आलं याच्या डोयावर.” आलापल्लीच्या निवृत्त रेंजरसाहेबांच्या जपानी प्लेअरचा डोळा त्यांनी चारदा पुसला, आणि चारही वेळा तो तिसऱ्या गाण्यावर अडखळून परत आला. शेवटी साहेबांचा निरोप आला, आता नाही झालं तर नागपूरला नेतो. सत्तारभाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. हा पेशंट गेला की मागोमाग बाकीचेही जाणार होते.

त्याच आठवड्यात तलावाकडच्या गावातून एक मासे विकणारी आजी येऊन दुकानाच्या बाकावर बसली.

“भाऊ, तू मोतीबिंदू काहाडते म्हणे.”

“आजी, मी मशीनचा काहाडतो.”

“मंग माह्या काऊन नाई? चार कोस चालत आली मी. तुह्या मशीनले तं रस्ताबी पाहा लागत नाई.”

मी कापूस द्यायला गेले होते, थांबले. आजीला नाही म्हणणं सत्तारभाईंना जमेना. त्यांनी तिची हनुवटी वर केली, गंभीर चेहऱ्याने टॉर्च मारला आणि म्हणाले, “काईच नाई, आजी. डोये एकदम काचेवानी.”

आजीची बुबुळं शिजलेल्या साबुदाण्यासारखी होती. मला ती दोन हातांवरून दिसत होती. रेंजरसाहेबांच्या भिंगात चारदा मोतीबिंदू सापडलेल्या माणसाला ती दिसली नाहीत!

मी टॉर्च हिसकावून घेतला आणि सत्तारभाईंच्याच डोळ्यांवर धरला. दोन्हींत मोतीबिंदू.

“कधीपासून?”

“हळू बोला, बाई. गिऱ्हाईक आयकन.”

मी जपानी पेशंटचं झाकण काढायला लावलं. भिंग लख्ख होतं. ते ज्यांवरून सरकतं त्या दात्यांत एक लाल मुंगी वाळून अडकली होती. चिमट्याने काढली. तिसरं गाणं सरळ पार पडून चौथं लागलं.

“मुंगी?” सत्तारभाई म्हणाले.

“मुंगी.”

“म्हंजे मुंगीसाठी मी त्याले चारदा उपाशी ठेवलं?”

आजी खदखदून हसली. ते मात्र हसले नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी घडी पडलेला कागद काढला. चंद्रपूरच्या नेत्रशिबिराचा फॉर्म होता. सगळा भरलेला, खालच्या दोन ओळी सोडून.

“मग गेला का नाहीत? भीती वाटली?”

“ऑपरेशनले कोण भेते? सोबत कोण हाये, इचारते ते. डोयात थेंब टाकाले घरी माणूस पाह्यजे म्हणते. बेगम तं गेली. पोरगी सिरोंच्याच्या पल्याड, तिले दोन लहान लेकरं. कोणाचं नाव टाकू? या जपान्याचं?”

“माह्यं टाक,” आजी म्हणाली.

“आजी, तुम्ही थेंब त्यांच्या नाकात सोडाल,” मी म्हटलं. “तुमचाही फॉर्म भरायचा आहे. गप्प बसा.”

मी पेन घेतलं. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. दुसरी ओळ नात्याची. शेजाऱ्यांना वॉर्डात थांबू देत नाहीत, हे मला कामामुळे ठाऊक होतं. मी ‘बहीण’ लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो नाकाला लावला. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. तीनच अक्षरं, पण फार वेळ लागला.

“अक्षर चांगलं हाये तुमचं, बाई,” ते म्हणाले.