पॉपओव्हर आणि समोरचं दार

एकोणीसशे त्र्याहत्तर साली, मार्चच्या तिसऱ्या रविवारी, लिओना बीलने आयुष्यात पहिल्यांदा लोकांना खायला घरी बोलावलं. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती.

त्याआधी तिच्या घरी कोणी येत नसे असं नाही. चाळीस वर्षं लोक येत होते, पण ते एव्हरेटकडे. एव्हरेट म्हणजे तिचा नवरा. तो होड्या बांधायचा, आणि एक होडी पुरी होईपर्यंत त्याच्या दहा गोष्टी सांगून व्हायच्या. स्वयंपाकघरात माणसं दाटीवाटीने बसायची, एव्हरेट बोलायचा, आणि लिओना मागे उभी राहून कॉफी ओतायची. एव्हरेट गेल्यावर पहिला हिवाळाभर लोक सवयीने आले. दुसऱ्या हिवाळ्यात सवय मोडली. मर्ल ॲली हा खेकडे-शेवंड धरणारा एव्हरेटचा जुना मित्र तेवढा दर पंधरा दिवसांनी सरपण आणून टाकायचा. पण टाकायचा आणि जायचा. बसायचा नाही.

दूरच्या वुस्टर शहरातून तिच्या बहिणीचं, मॉडचं, दर महिन्याला पत्र यायचं. ‘माझी मागची खोली रिकामी आहे. घर विकून टाक आणि ये. तिथे आता तुझं आहे कोण?’ या प्रश्नाला लिओनाने तीन महिने उत्तर दिलं नव्हतं, कारण तिला ते ठाऊक नव्हतं. शेवटी तिने ठरवलं, की चार माणसांना बोलवायचं. एव्हरेट नाही, त्याच्या गोष्टी नाहीत, फक्त आपण. आली तर राहायचं. नाही आली तर मॉडला कळवायचं.

काय करायचं ते तिला एका मासिकात सापडलं: ‘रविवारच्या ब्रंचसाठी दालचिनी-जायफळाचे गोड पॉपओव्हर.’ ब्रंच, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकदमच, हा प्रकार आमच्या कॉर्विन कोव्ह गावात उन्हाळ्यात येणारे पाहुणे करत. आम्ही पाच वाजता नाश्ता करायचो आणि बाराला जेवायचो.

“अकरा वाजता?” लिओनाने आमंत्रण दिलं तेव्हा गावातली ड्रुसिला पोस्टात सगळ्यांदेखत म्हणाली. “अकरा वाजता माणसाने खायचं काय? नाश्ता जिरलेला असतो आणि जेवण शिजलेलं नसतं.”

“पॉपओव्हर,” लिओना म्हणाली.

“ते फुगवून हवा खाऊ घालतात, तेच ना?”

“तू येणार की नाही?”

“येईन की. एसालाही आणीन. तो काही बोलणार नाही, पण खाईल.” एसा तिचा नवरा. तो शेजारीच उभा होता आणि खरंच काही बोलला नाही.

पोस्ट सांभाळणारी एनिड खिडकीतूनच म्हणाली, “मी येते.” मर्लने टोपीखालून डोकं खाजवत विचारलं, “बूट काढावे लागतील का?” झाले चार.

पॉपओव्हर, म्हणजे ओव्हनमध्ये टम्म फुगणारे, आतून पोकळ पाव, करायला अवघड नाहीत. दूध, अंडी, मैदा, चिमूटभर मीठ. सहा खोलगट वाट्यांचा लोखंडी साचा आधी चांगला तापवायचा, त्यात लोणी, मग पातळ पीठ. पण एकदा ओव्हनचं दार लावलं की चाळीस मिनिटं उघडायचं नाही. गार वारा लागला की संपलं. लिओनाच्या ओव्हनच्या दाराची कडी सैल होती. स्वयंपाकघराचं बाहेरचं दार कोणी आपटलं की ओव्हनचं दार जबडा पडल्यासारखं खाली यायचं.

शनिवारी तिने एकदा करून पाहिले. तेहतीस मिनिटं झाली होती. मर्ल सरपण घेऊन आला, खांद्याने दार ढकललं, टाचेने लावलं. धाड! ओव्हनने आ केला, खाडीवरचा वारा आत गेला, आणि सहाच्या सहा पॉपओव्हर तिच्या डोळ्यांदेखत बसले.

“वास छान येतोय,” मर्ल म्हणाला.

“जा,” लिओना म्हणाली.

रविवारी तिने कसलीच जोखीम घेतली नाही. जन्मात पहिल्यांदा चर्च बुडवलं. ओव्हनचं दार सुतळीने बांधलं. खिडकीच्या काचेला तडा होता, तिथून वारा यायचा. तिच्यावर एव्हरेटचं काळं पांघरूण ठोकलं. बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि बाहेरून चिठ्ठी लावली: ‘कृपया समोरच्या दाराने यावे.’ मग समोरच्या दाराचा अडसर काढला, बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं, मधलं दार लावून घेतलं आणि घड्याळ समोर घेऊन तिथेच बसली.

आता आमच्या किनाऱ्यावर घराला समोरचं दार असतं, ते घराला तोंड असावं म्हणून. त्यातून नवरी जाते, पाद्री येतो आणि शवपेटी निघते. बाकी सगळं जग स्वयंपाकघराच्या दाराने येतं, तेही न ठोकता. लिओनाचं समोरचं दार शेवटचं उघडलं होतं ते एव्हरेटला नेताना. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ज्या बाईच्या डोक्यात चाळीस मिनिटं ओव्हन असतो, तिच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही.

अकराला दहा मिनिटं असताना चौघं चिखल तुडवत मागच्या पायरीवर आले. मर्लने दार ढकललं. दार हललं नाही.

“कडी आहे,” तो म्हणाला. “आतून.”

“लिओनाच्या दाराला कडी?” ड्रुसिला म्हणाली. “दाराला कडी आहे हेच मला माहीत नव्हतं.”

एनिडने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा मोठ्याने वाचली. मर्लने टोपी काढली.

“आज चर्चलाही नव्हती,” एनिड हळूच म्हणाली.

“आणि खिडकीवर काळं पांघरूण घातलंय,” ड्रुसिला म्हणाली.

“पण हे अक्षर तर तिचंच आहे!” मर्ल म्हणाला. “मेलेली बाई चिठ्ठी कशी लिहील?”

“लिओना लिहील,” ड्रुसिला म्हणाली. “नाताळची कार्डं सप्टेंबरात लिहून ठेवते ती. ही पण ठेवली असेल लिहून.”

“मग लावली कोणी?” मर्लने विचारलं.

एनिडने नाक वर करून हुंगलं. “दालचिनीचा वास येतोय. म्हणजे आत कोणीतरी आहे. वुस्टरची बहीण आली असणार.”

“बहीण मेली आणि ही बेकिंग करत बसली?”

“लोक भेटायला येणार, तर घरात काहीतरी लागतंच, मर्ल.”

“हाक मारून बघू?”

“मयताच्या घरी हाका मारतोस? आणि समोरच्या दाराने जायचं ते असं? रिकाम्या हातांनी, गमबूट घालून?” ड्रुसिलाने सगळ्यांना पायरीवरून खाली उतरवलं. “घरी जा. कपडे बदला. काहीतरी खायचं घेऊन या. मी पाद्रीला आणते.”

आत बरोबर अकरा वाजता लिओनाने सुतळी सोडली. सहाही पॉपओव्हर साच्याच्या वर वीतभर उठले होते. सोनेरी, एका बाजूला टोपी कलंडलेली, हातात घेतले तर काहीच वजन नाही. तिने ते वितळलेल्या लोण्यात बुडवले, दालचिनी-जायफळ घातलेल्या साखरेत घोळवले, स्वच्छ रुमालात मांडून टेबलावर नेले आणि समोरच्या दाराकडे तोंड करून बसली.

कोणी आलं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी कडेच्या पॉपओव्हरने हलकेच सुस्कारा टाकला आणि तो खाली बसला. मग त्याच्या शेजारचा. पॉपओव्हर दहा मिनिटं वाट पाहतात, फार तर बारा. एकेकाने मान टाकली. लिओनाने शेवटच्याला बोटाने थोडा आधार दिला, पण तोही गेला.

वीस मिनिटं झाली तेव्हा तिने एक उचलून खाल्ला. चव चांगली होती. याचंच तिला जास्त वाईट वाटलं. आपण चाळीस वर्षं ज्या माणसांना कॉफी दिली, त्यांना आपल्या हातचं खायला म्हणून बोलावल्यावर चिखलातून चार पावलंही टाकावीशी वाटली नाहीत. तिने कागद घेतला आणि लिहिलं: ‘प्रिय मॉड, तुझं बरोबर होतं. इथे माझं कोणी नाही. मागच्या खोलीत माझं शिवणयंत्र मावेल का ते कळव.’

तेवढ्यात समोरच्या पायरीवर पावलं वाजली. बरीच पावलं.

लिओना उठून दाराशी गेली. मूठ फिरवली, ओढली. दोन वर्षांच्या दमट हवेने दार चौकटीत फुगून घट्ट बसलं होतं. ती पुन्हा ओढणार, तोच बाहेरून तरुण पाद्री थर्लोचा आवाज आला: “आपली दिवंगत भगिनी लिओना...”

लिओनाने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरी लिओना नव्हती.

“मला इथे येऊन चारच महिने झालेत,” थर्लो खालच्या आवाजात म्हणत होता. “मी त्यांना फारसं ओळखत नाही. दोन दोन शब्द सांगा, म्हणजे आत प्रार्थनेत घालता येतील.”

“ती फळं भरून पाई करायची, तिचं पिठाचं आवरण जाड असायचं,” ड्रुसिला म्हणाली.

“ड्रुसिला!”

“खरं तेच सांगते. जाड असायचं. पण माझी आई गेली तेव्हा पहिली पाई तिचीच आली. गुडघाभर बर्फातून चालत आणली होती. मी तेव्हाही म्हणाले, आवरण जाड आहे. तिने दुसऱ्या दिवशी दुसरी आणली.”

मग एनिडचा आवाज. “दर मंगळवारी एक तिकीट घ्यायची. एकच. मी म्हटलं, अगं दहा घेऊन ठेव ना एकदम. तर म्हणाली, मग पुढच्या मंगळवारी मी कशाला येऊ?” तिने नाक शिंकरलं. “मंगळवारी मी केस नीट विंचरून बसायचे.”

“मी आत बसायला हवं होतं,” मर्ल म्हणाला. “सरपण टाकायचो आणि निघायचो. वाटायचं, एव्हरेट नाही, आता हिच्यापाशी बोलायचं काय? खरं सांगू का? एव्हरेटच्या गोष्टी मी पंधरा वर्षांपूर्वीच ऐकून संपवल्या होत्या. मी कॉफीसाठी यायचो. ती न विचारता कप भरायची आणि तुझा गुडघा कसा आहे म्हणायची. गुडघ्याचं दुसरं कोणी विचारलं नाही मला.”

मग एक अनोळखी, गंजलेला आवाज आला.

“ती मला बोल म्हणायची नाही.”

“एसा?” ड्रुसिला म्हणाली.

पण एसाचं बोलून झालं होतं.

लिओना दाराला कपाळ टेकून उभी होती. आणखी थोडं ऐकायला तिची हरकत नव्हती. पण मर्ल हुंदके द्यायला लागला, आणि ते काही तिच्याने ऐकवेना.

“मर्ल,” ती आतून म्हणाली, “रडतोस काय? ढकल. दार फुगलंय.”

बाहेर काहीतरी मातीचं खळ्ळकन फुटलं. ती एनिडची शनिवारी शिजवलेल्या बीन्सची हंडी होती. घाबरलेला थर्लो घाईघाईने “आमेन” म्हणाला. मर्लने खांदा लावला, दार एकदम सुटलं, आणि तो रविवारच्या काळ्या कोटासकट गालिच्यावर पालथा पडला.

ड्रुसिलाने उंबऱ्यातून लिओनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू मेली नाहीस?”

“नाही.”

“मग चिठ्ठी कसली लावलीस?”

“पॉपओव्हर होते ओव्हनमध्ये.”

“पॉपओव्हरसाठी मी या माणसाच्या विजारीला इस्त्री केली?”

“आत ये. आवरण जाड नाहीये यांना.”

ड्रुसिला लाल झाली. मी तिला ओळखत होते तेवढ्या काळात ती एवढ्या एकाच वेळी लाल झाली.

टेबलावर पाच पॉपओव्हर होते आणि पाच पाहुणे. पॉपओव्हर आता पायमोज्यांच्या घड्यांसारखे दिसत होते. मर्लने एक उलटसुलट करून पाहिला. “हे असेच असतात का गं?”

“अकरा वाजता तुझ्या टोपीएवढे होते.”

“असू दे. पोटात गेल्यावर सगळेच बसतात,” मर्ल म्हणाला आणि अख्खा तोंडात टाकला. “गोड आहे. जायफळ आहे का?”

“जायफळ आहे. गुडघा कसा आहे?”

“वाईट,” मर्ल आनंदाने म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

समोरचं दार काही नीट लागेना. वाऱ्याने सारखं उघडायचं. लिओनाने टेबलावरचा कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि फटीत ठोकला. एनिडने मान तिरकी करून पाहिलं. पत्र वाया जाताना तिला बघवत नसे. “अगं, ते अर्धंच लिहिलंय. पाठवायचं नाही का?”

“नको,” लिओना म्हणाली. “जाडी बरोबर बसतेय.”

मर्लने पुढच्या वर्षी होडी विकली आणि तो लेकीकडे फ्लोरिडाला गेला. एक हिवाळा काढून परत आला. म्हणाला, तिथे सगळे गोड बोलतात, माणसाला समजत नाही कोणाशी भांडावं. पाद्री थर्लो ओहायोला बदलून गेला आणि प्रार्थना म्हणण्याआधी माणूस गेल्याची खात्री करून घेण्याबद्दल तिकडे प्रसिद्ध झाला. एसा एकोणऐंशी साली वारला. त्यानंतर ड्रुसिलाची बडबड बंद झाली. तिचं म्हणणं, ऐकणाराच नाही तर बोलायचं कोणाला. एनिड निवृत्त झाली तरी पोस्टात येऊन बसायची, नव्या मुलीच्या चुका मोजत.

लिओना वुस्टरला गेली नाही. मॉडच शेवटी एका उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आली, आणि फार वारा लागतो म्हणून आठ दिवसांत परत गेली. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात एका गुरुवारी दुपारी लिओना खुर्चीत बसल्या बसल्या गेली. घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप होते, दोन्ही अर्धे प्यालेले. तिच्याबरोबर शेवटची बसलेली व्यक्ती आपणच, असं मर्ल म्हणायचा. एनिड म्हणायची, मर्ल खोटं बोलतो, तो कप माझा. ड्रुसिलाने तर कप आपलाच म्हणत दोघांशी बोलणं टाकलं. तिघंही आता नाहीत, आणि वाद मिटलेला नाही.