सगळ्यांचा पत्ता नानांचा

"माझ्या हातून गेलेला एकही अर्ज आजवर परत आलेला नाही!" वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलामागून नाना हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. नाना म्हणजे बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. गाड्या वेळेवर सोडण्यात हयात गेली. आता ते हातावर पोट असलेल्या कुटुंबांना सरकारी आरोग्य विम्याचं नूतनीकरण करून देत, तेही फुकट आणि डेपोतल्याच आवाजात.

अडचण पत्रांची होती. दर वर्षी विमा कार्यालय घरोघरी पत्र पाठवायचं, तुम्ही अजून पात्र आहात का ते कळवा म्हणून. उत्तर गेलं नाही की विमा बंद! आणि ही सगळी भाड्याने राहणारी माणसं. पत्र जुन्या घरमालकाच्या दारात पडून राहायचं आणि इकडे कुणाचं औषध थांबायचं. नानांच्या जिवाला हे फार लागायचं.

शेवटी त्यांनी नामी तोडगा काढला. सगळ्यांच्या अर्जावर, राहण्याच्या पत्त्यासमोर, स्वतःच्या घराचा पत्ता!

"पत्र माझ्याकडे येईल, मी त्याच दिवशी उत्तर धाडीन. आहे काय आणि नाही काय!"

"अहो, पण कार्यालयात विचारलंत का?" त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, विचारलं.

"विचारायचंय काय त्यात? पाठ थोपटतील माझी!"

पाठ थोपटायला कुणी आलं नाही. आलं ते एक जाडजूड पाकीट. कुटुंबप्रमुख म्हणून खुद्द नानांच्या नावाने! 'आपल्या घरी राहणारे सर्वजण एकच कुटुंब धरण्यात आले आहेत. सर्वांचे एकत्रित उत्पन्न मर्यादेबाहेर जात असल्याने सर्वांचा विमा बंद करण्यात येत आहे.'

काकूंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"एवढी माणसं आहेत घरात, आणि भांडी मी एकटीच घासतेय?"

नाना हसले नाहीत. कारण दारात त्यांनीच अर्ज भरून दिलेली इस्त्रीवाली उभी होती, मुलीचा हात धरून. पोरीच्या अंगात रक्त टिकत नसे. दर थोड्या दिवसांनी दवाखान्यात नेऊन चढवावं लागे. येत्या सोमवारी चढवायचं होतं आणि काउंटरवर सांगितलं होतं, विमा बंद, पैसे भरा.

"नाना, तुम्ही म्हणाला होतात, काळजी करू नकोस," इस्त्रीवाली म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. जिना चढून मुलीला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते, तरी ती नानांकडे बघून हसली. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तसेच उठून विमा कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई वयाने लहान, बोलायला शांत.

"काका, एका घरात राहणारे ते एक कुटुंब, असा नियम आहे."

"अहो, पण राहत नाहीत हो ते!"

"मग तसं दिसायला हवं. शुक्रवारी मी घर बघायला येते. खात्री पटली तर त्याच दिवशी सगळ्यांचं वेगळं करून देईन."

शुक्रवार उजाडला. नानांनी पुन्हा डोकं चालवलं. आपण इथे राहत नाही हे ज्याचं त्याने सांगितलेलंच बरं, नाही का? म्हणून त्यांनी सगळ्यांना झाडून घरी बोलावलं!

अधिकारी बाई आल्या तेव्हा जिन्यात चपलांचा खच पडला होता. आत भिंतीचे पोपडे बघवत नाहीत म्हणून बोलावलेल्यांतला रंगारी ती खरवडत होता. गॅरेजवाल्याचं बाळ काकूंच्या खांद्यावर, आणि नानांच्या पलंगावर नानांचीच चादर पांघरून इस्त्रीवालीची मुलगी झोपलेली.

"ह्यातलं कोणीही इथे राहत नाही!" नाना गरजले.

"नाना, हळू! पोरगी उठेल!" सगळे एका सुरात म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

"अरे, भांडा की कोणीतरी, परके तरी दिसाल!" नाना रंगाऱ्याच्या कानात पुटपुटले. रंगाऱ्याने बराच विचार केला. मग गॅरेजवाल्याला दरडावून म्हणाला, "जरा सरकून बसा की!" आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच सरकला.

नाना बाईंच्या समोर जाऊन बसले. "बाई," ते म्हणाले, "शहाणपणा माझा. काय करायचं ते मला करा. पण सोमवारी त्या पोरीला रक्त मिळू द्या." सगळा डेपो हलवणारा तो आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचला.

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. मग फाइल मिटून सगळ्यांना उद्देशून विचारलं, "ह्या घरात साखर कुठे ठेवतात?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. रंगारी म्हणाला, फळीवर असेल. इस्त्रीवाली म्हणाली, शेगडीजवळ? गॅरेजवाला म्हणाला, आम्ही बिनसाखरेचा घेतो. एकालाही सांगता येईना! बाई भराभर लिहीत गेल्या.

"आणि काका, तुम्ही?"

"मी? डब्यात!"

"कुठल्या?"

नानांनी परक्याच्या घरात डोकवावं तसं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

"लिहा बाई," काकू म्हणाल्या, "हेही इथे राहत नाहीत. लग्न झाल्यापासून!"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "काका, अर्जावर पत्रव्यवहाराच्या पत्त्याची वेगळी ओळ असते. तुमचा पत्ता तिथे घालायचा होता." मग त्यांनी एक कागद पुढे केला. 'वरीलपैकी कोणाशीही माझे कसलेही नाते नाही.' नानांनी झोकात सही ठोकली.

सोमवारी दवाखान्याच्या काउंटरवर इस्त्रीवालीच्या मुलीचं नाव सांगताच उत्तर आलं, "विमा चालू आहे." इस्त्रीवाली पदरात तोंड लपवून रडली. नानांनी खिडकीबाहेर बघायचं निमित्त केलं, पण डोळे त्यांनीही पुसले.

मुलीला आत नेलं. पिशवी लागली. थोड्या वेळाने नर्स दारात आली.

"ती नाना नाना करतेय. पण आत घरच्यांनाच सोडतो आम्ही. आजोबा ना तुम्ही तिचे?"

नाना ताडकन उठले, दोन पावलं पुढे गेले आणि तिथेच थबकले.

"नाही हो बाई, कोणी नाही मी तिचा," ते घाईघाईने म्हणाले. "तसं लिहून दिलंय!"

आणि कार्यालयाचं कोणी बघत तर नाही ना, याची खात्री करून त्यांनी दाराच्या काचेतून पोरीला हळूच हात केला.