आंघोळीच्या पाण्यावरचं स्टेशन

बन्सीअप्पांशी बोलायचं तर आधी नियम माहीत पाहिजे. ते 'ओव्हर' म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, आणि आपलं झालं की आपणही 'ओव्हर' म्हणायचं. पोलिसांच्या वायरलेसवर तीस वर्षं काढून हा माणूस आष्टीजवळच्या आमच्या गावात परतला, तो ही खोड घेऊनच. माझ्या चुलत्याच्या दहाव्याला आले आणि म्हणाले, "माणूस लई चांगला होता. ओव्हर." त्याआधी मध्येच मला हुंदका आला होता, तर त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं होतं.

मी तेव्हा दूध सोसायटीचा चेअरमन. कसला चेअरमन? दुष्काळात गुरं छावणीला गेलेली, डेअरीत दुधाचा थेंब नाही. डेअरीच्या हौदात दिवसाआड टँकर रिकामा व्हायचा आणि ते पाणी घागरीनं वाटायचं, एवढंच काम. लोकांच्या शिव्यांवर माझं पोट भरत होतं.

अशात अप्पा एक दिवस कागद नाचवत आले. स्वतःचं वायरलेस चालवायचं दिल्लीचं लायसन आलं होतं. आता घरात बसून जगात कुणाशीही बोलता येणार होतं. वायरलेसवर पुकारायला सरकारनं त्यांना इंग्रजी अक्षरांचं नवं नावही दिलं होतं. ते त्यांनी गावभर ऐकवलं. माझी म्हातारी म्हणाली, "आन बारसं कवा केलं?"

मी वैतागून विचारलं, जगाशी तुमचं काम काय? अप्पा 'ओव्हर'ची वाट बघत उभे. मी दात खाऊन ओव्हर म्हटलं.

"चेअरमन, घरात तरी कोण बोलतंय," ते हळूच म्हणाले.

ते खरंच होतं. अप्पांच्या बायकोची, कौसाकाकूंची गाय छावणीत मेली, त्या दिवसापासून काकू गप्प झाल्या होत्या. भाकरी वाढायच्या, भांडी घासायच्या, पण शब्द नाही. अप्पा ताटावर बसून 'कालवण झकास झालंय, ओव्हर' म्हणायचे आणि घास हातात धरून उत्तराची वाट बघायचे.

मग मीही त्यात ओढला गेलो. सोसायटीची बोअर कोरडी गेली होती, तिचा पाइप पडून होता. अप्पा म्हणाले, खाली तर काही लागलं न्हाई, वर काही लागतंय का बघू. अख्ख्या गावानं दोर लावून तो पाइप त्यांच्या दारात उभा केला. पोळ्याला नव्हता एवढा उत्साह! पाइपाच्या टोकापासून डेअरीच्या छपरापर्यंत एरियलची तार गेली. भंगारातून आणलेलं मशीन ओसरीत मांडलं. सुरू केलं तर नुसती घरघर.

अप्पा म्हणाले, अर्थिंग कोरडं हाय. जमिनीत सळई पुरली होती, तिथली माती ओली पाहिजे. आणि त्यांनी बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओतलं.

गाव पेटलं. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा सळईला पाजतोय! डेअरीत बैठक बसली. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. अप्पा शांतपणे म्हणाले, "माझ्याच आंघोळीचं हाय. अकरा दिवस झाले न्हालो न्हाई. ओव्हर." शेजारी बसलेल्यांनी नाक धरून खात्री दिली. सळईला पाणी पाजायचा ठराव मंजूर झाला.

रविवारी सकाळी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकू चुलीपाशी, पाठ करून. अप्पा माइकात आपलं नवं नाव पुकारत राहिले. तासाभरानं घरघरीतून एक माणूस बोलला. जपानचा होता. दोघंही सारखंच मोडकं इंग्रजी बोलत होते, त्यामुळे छान जमलं. अप्पा एकेक वाक्य मराठीत सांगायचे. नाव झालं, गाव झालं.

मग तो म्हणाला, इथं चार दिवस पाऊस आहे, कंटाळलो. तुमच्याकडे?

अप्पांनी सांगितलं, आभाळ मोकळं आहे. तो म्हणाला, नशीबवान आहात. हे काही अप्पांनी आम्हाला मराठीत सांगितलं नाही, पण तेवढं इंग्रजी मला येत होतं. मग अप्पांनी त्याला विनंती केली, जमलं तर तुमचा माइक जरा खिडकीबाहेर धरा.

खुडबुड झाली. आणि मशीनमधून पाऊस पडायला लागला. पत्र्यावरचा, सरळ, दणदणीत.

काकू उठल्या. पदराला हात पुसत मशीनपाशी येऊन बसल्या. बराच वेळ ऐकलं.

"आपल्या गोठ्यावर असाच वाजायचा," त्या म्हणाल्या. "ती कान टवकारायची." मग अप्पांकडे बघून म्हणाल्या, "ओव्हर."

अप्पांच्या हातात माइक तसाच होता. पलीकडून तो जपानी हॅलो, हॅलो करत होता.