फक्त धरायचं, वाजवायचं नाही

"अंकल, वाजवायचं नाहीये. फक्त धरायचंय," निधी म्हणाली, आणि पाचही वादकांच्या टोप्या एकदम तिच्याकडे वळल्या.

उमेळ्याच्या लॉनवर रिसेप्शन होतं आणि निधी त्याची इव्हेंट मॅनेजर. 'जुन्या काळचं वातावरण' हवं म्हणून तिने वसईचा हा स्विंग जॅझ बँड बोलावला होता. त्यातला सगळ्यात धाकटा ड्रमवाला जयवंत, वय अडुसष्ट. दोन वर्षांनी बिचाऱ्यांना स्टेज मिळालं होतं, पण गाणी मात्र लॅपटॉपवर वाजणार होती.

"मग आम्ही कशाला?" सॅक्सोफोनवाल्या इनेझने विचारलं. बँड तिचा होता.

"फोटोत भारी दिसता ना, आंटी! आणि मध्येच दम लागला तर? रिस्क नको."

इनेझला ते चांगलंच झोंबलं. ती सॅक्सोफोनची पेटी उचलून निघालीच होती, पण जयवंत आडवा आला. "इनेझबाय, निदान उभं तरी राहू. घरी बसून कोण विचारतंय आपल्याला?"

ती उभी राहिली. पण आपली शोभेची कुंडी केली याचा तिला भयंकर राग आला होता.

लॅपटॉप सुरू झाला. पाचही जण ढिम्म. निधी खालून हातवारे करू लागली, "हलवा ना काहीतरी! खरं वाटायला पाहिजे!"

"हालवतो," ट्रॉम्बोनवाला काळूराम म्हणाला. "पन मागून बोलू नको."

ट्रॉम्बोनची लांबलचक नळी पुढेमागे सरकवावी लागते, आणि स्टेज तर नुसतं उभं राहण्याच्या मापाचं. काळूरामने नळी अगदी मनापासून पुढे ढकलली. ती समोरच्या टेबलावरच्या लॅपटॉपला लागली आणि लॅपटॉप थेट शेजारच्या कोकम सरबताच्या पिंपात पडला.

चारशे पाहुण्यांसमोर गाणं बंद पडलं. नवरा-नवरी नाचता नाचता एक पाय उचलून तसेच थांबले.

"आता वाजवा हो! प्लीज!" निधी रडकुंडीला आली. "एकच गाणं, मी दुसरा लॅपटॉप आणते तोवर!"

"एकच?" इनेझ गरजली. "एक, दोन, एक-दोन-तीन-चार!"

तासभर वाजवलं त्यांनी. नवरी चपला भिरकावून नाचली. दुसरा लॅपटॉप आला, तो निधी काखेत धरून उभी राहिली. जेवण लागलंय हे सांगायला ती तीनदा स्टेजवर चढली आणि तिन्ही वेळा इनेझने डोळे मिटून घेतले.

शेवटी नवऱ्याचे काका हाश्शहुश्श करत आले. "काय साउंड सिस्टिम आहे हो! खरी माणसं वाजवतायत असंच वाटलं. कुठल्या कंपनीची?"

इनेझने छातीवर हात ठेवला.

"वसईची आहे. बहात्तर वर्षं झाली, अजून सर्व्हिसिंगला दिली नाही."