दावलजीराव घारे यांच्या दाढेची मोहीम

श्रीएकदंत प्रसन्न. एकाच दातावर जो त्रैलोक्य चालवितो त्यास साष्टांग नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपदापासून दिवाळीपावेतो जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. दाढा सर्व राज्यांत आहेत. त्या राज्यी दावलजीराव घारे म्हणून मोठे नामांकित सरलष्कर होते. रिवाज ऐसा की, दसऱ्यास भर दरबारी सरलष्करांनी महाराजांचे हातून विडा घ्यावा, त्यातील अख्खी सुपारी दाढेखाली फोडावी, आवाज सिंहासनापर्यंत जावा, आणि मग वर्षाचे निशाण मिळावे. सुपारी न फुटली तर निशाण दुसऱ्यास जावे. ऐसियास भाद्रपदात रावांच्या उजवीकडील खालच्या दाढेने बंड केले. गरम चहाचा घोट घेतला की कळ कानापर्यंत जाई, आणि चहा संपला तरी कळ राही. रावांनी लवंगेचे तेल लाविले, मिठाच्या गुळण्या केल्या, गाल सुजून भोपळा जाहला, परंतु दंतवैद्यिणीकडे जाईनात. लोकांनी भरविले होते की, रूट कॅनाल म्हणजे जीव नकोसा होतो, आणि दाढ काढावी तर डोळा जातो. तोफेपुढे छाती काढणारे राव सुईच्या नावाने कापत. तेव्हा त्यांचे कुटुंब गिरजाबाई बोलिल्या, "अहो, दाढेला भिऊन निशाण घालवणार का? चला, मी येते बरोबर." मग राव पालखीत बसून पेठेत दंतवैद्यीण अनसूयाबाईंकडे गेले.

बाईंनी आधी एक्स-रे काढिला आणि म्हणाल्या, "सरकार, कीड पार आतल्या नसेला भिडलीय, मुळाशी पू धरलाय. पण दाढ काढायला नको. सडलेली नस काढू, मुळांच्या नळ्या साफ करू, औषध भरू. पुढच्या खेपेला नळ्या कायमच्या बुजवू आणि मग वर कॅप बसवू."

"दुखेल काय?" राव पुसते जाहले.

"सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं. मग गाल बधिर. घरी गेल्यावर थोडं ठणकेल, त्याची गोळी देते."

मग सुई जाहली, आणि ओठ परका जाहला, आणि दाढेभोवती रबराचा पडदा ताणिला, आणि यंत्राने दाढेस वरून दार पाडिले, आणि केसासारख्या बारीक सुयांनी नळ्या खरवडिल्या, आणि औषधी पाण्याने धुतल्या, आणि राव खुर्चीचे हात आवळून लढाईची वाट पाहत आहेत तो बाई म्हणाल्या, "झालं आजचं." आणि वर कच्चे सिमेंट लावून बजाविले, "त्या बाजूनं चावायचं नाही. दुखायचं थांबलं तरी पुढच्या आठवड्यात यायचंच. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, कॅपवाचून टिकत नाही."

दाढ थोडी ठणकली, मग शांत जाहली. आणि येथे रावांनी ती चूक केली जी किल्ले घेणारे लोकच करितात. शत्रू पळाला म्हणजे मोहीम संपली, ऐसा त्यांचा जन्माचा शिरस्ता. नगरात साखर वाटिली, तोफ डागिली, आणि बाईंकडे फिरकले नाहीत. गिरजाबाई म्हणाल्या, "गड घेतलात, पण दरवाजा उघडा टाकून आलात की!" राव म्हणाले, "दुखत नाही, तर जायचं कशाला?"

दसरा आला, दरबार भरला, आणि रावांनी विडा मुखी घालून जबडा आवळिला. कडकन आवाज जाहला, सिंहासनापर्यंत गेला, सरदार वाहवा बोलिले, आणि महाराजांनी निशाणास हात घातिला. परंतु रावांनी जीभ फिरविली तो सुपारी शाबूत, आणि दाढेचा तुकडा सुटा. कोणास ठाऊक नव्हते. गप्प राहते तर निशाण त्यांचेच होते. रावांस फार लाज वाटली, आणि खोट्या निशाणाखाली फौजेपुढे उभे राहणे त्याहून जड वाटले. त्यांनी दोन्ही जिन्नस रुमालावर ठेविले आणि म्हणाले, "महाराज, सुपारी नाही, दाढ फुटली. बाईंनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." महाराज म्हणाले, "मग निशाण इथेच राहील. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मोहीम पुरी करून या, आणि विडा पुन्हा घ्या. न जमलं तर दुसऱ्याला देऊ."

राव खाली मान घालून बाईंकडे गेले. नशीब थोर, चीर हिरडीखाली गेली नव्हती, म्हणून दाढ वाचण्याजोगी होती. बाईंनी नळ्या पुन्हा धुतल्या, यथावकाश बुजविल्या, दाढ बांधून काढिली, माप घेऊन कॅप बसविली, आणि म्हणाल्या, "आता खुशाल जेवा. पण अख्खी सुपारी आयुष्यात फोडायची नाही. कुठल्याच दाढेनं."

पाडव्यास महाराजांनी विडा पुढे केला. दरबार आवाजाकडे कान लावून बसला. राव क्षणभर निशाणाकडे पाहते जाहले, आणि मग स्पष्ट बोलिले, "महाराज, अडकित्ता मागवावा." मग महाराजांनी स्वतःच्या कमरेचा अडकित्ता काढिला, वापरून वापरून गुळगुळीत जाहलेला, आणि निशाणासोबत रावांचे हाती दिला.

इतके वर्तमान जाहले. तेव्हापासून त्या राज्यी विड्याशेजारी अडकित्ता ठेवितात, आणि कळ थांबली तरी सरदार दुसऱ्या खेपेस जातात. न गेल्यास गिरजाबाई पोहोचवून येतात.